साठ हजारांच्या गेमिंग पीसीत प्रोसेसरवर किती पैसे घालायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही अकोल्याच्या. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला गेमिंगसाठी व कॉलेजच्या कामासाठी पीसी हवा आहे. मॉनिटर घरात आहे, १०८०पी आणि ७५ हर्ट्झचा. मॉनिटर सोडून बाकी सगळ्यासाठी साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. पहिल्या दुकानाच्या कोटेशनमध्ये इंटेलचा आय७-१२७००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम आणि जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं कार्ड आहे. प्रोसेसरचे २३ हजार आणि कार्डाचे १४ लावलेत. दुसऱ्या दुकानाने एएमडी कंपनीचा रायझन ५ ५५००, ए५२० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड दिलंय. तिथे प्रोसेसरचे ८ हजार आणि कार्डाचे २२. पहिल्या दुकानदाराचं म्हणणं, ‘आय७ आहे, पाच वर्षं बघायला नको, रायझन गरम होतो, त्यात तुमच्याकडचा उन्हाळा.’ शिवाय ओळखीतल्या एकांकडे जुन्या आय७-३७७० चा तयार गेमिंग पीसी निम्म्याहून कमी किमतीत आहे. तुमचा प्रश्न एवढाच, की यातला कुठला प्रोसेसर घ्यावा.

नुसता प्रोसेसर बघायचा तर १२७००एफ या तिघांत सरस आहे, त्यात वाद नाही. तरीही मी तुम्हाला दुसरं कोटेशन घ्यायला सांगेन, फक्त त्यातला प्रोसेसर एक पायरी वर न्या: ५५०० च्या जागी ५६००. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगतो. कारण समजलं की दुकानात भाव वरखाली झाले, एखादी वस्तू शिल्लक नसली, तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

गेम चालू असताना पडद्यावरचं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, दोन हातांतून जाते. कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, गाडी कशावर आदळली, समोर काय काय दिसायला हवं, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि चित्र काढायची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हवाली करतो. कार्ड त्या यादीप्रमाणे पडद्यावरचा एकेक पिक्सेल रंगवतं. दोघांचं काम एकाच वेळी चालतं आणि जो मागे पडतो, त्याच्याच गतीने गेम चालतो. प्रोसेसरने सेकंदाला दीडशे याद्या तयार केल्या आणि कार्डाला चाळीसच चित्रं जमली, तर पडद्यावर चाळीसच दिसणार. उरलेला वेळ तो महागडा प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

पहिल्या कोटेशनमध्ये नेमकं हेच होणार आहे. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं कार्ड आहे. त्याच्या काळात ते चांगलं होतं, मीही अनेकांना बसवून दिलंय. पण आजच्या मोठ्या गेमना ४ जीबीची मेमरी पुरत नाही आणि कार्डाचा दमही तेवढा नाही. आरएक्स ६६०० त्याच्या जवळपास दुप्पट काम करतं. आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही: काही नवे गेम रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा हिशेब करण्याची, सोय कार्डातच असल्याशिवाय चालतच नाहीत. २०२५ मध्ये आलेला ‘डूम: द डार्क एजेस’ त्यातलाच. १६५० मध्ये ती सोय नाही, ६६०० मध्ये आहे. म्हणजे इथे प्रश्न गेम हळू चालण्याचाही राहत नाही, तो त्या कार्डावर चालायचाच नाही. मग शेजारी आय७ असो नाहीतर आय९.

बजेट पीसीसाठी मी एक ढोबळ हिशेब ठेवतो: कार्डाची किंमत प्रोसेसरच्या निदान दुप्पट असावी. हा काही नियम नाही आणि पुढे सांगेन त्या परिस्थितीत तो मोडावाही लागतो. पण कोटेशन हातात आलं की मी आधी या दोन आकड्यांकडे बघतो. तुमच्या पहिल्या कोटेशनमध्ये हे प्रमाण उलटं आहे. अशी कोटेशनं का बनतात, तेही उघड आहे. ‘आय७’ हे नाव घराघरात माहीत आहे, ‘आरएक्स ६६००’ कोणाला माहीत नाही. पैसे देणाऱ्या आईवडिलांना जे नाव ओळखीचं वाटतं, ते विकायला सोपं जातं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघू, कारण सगळ्या गेमना हा हिशेब सारखा लागू पडत नाही.

तुमचा भाऊ व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो असं तुम्ही लिहिलंय. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम कार्डाला हलके असतात. तिथे फ्रेमचा आकडा प्रोसेसर ठरवतो, त्यामुळे तिथे चांगल्या प्रोसेसरचा फरक मोजता येतो. पण किती फ्रेम उपयोगाच्या, हे मॉनिटर ठरवतो. ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ च वेळा चित्र बदलतो. ५६०० किंवा आय५-१२४००एफ या प्रोसेसरवर व्हॅलोरंट सहज दोनशेच्या वर जातो. आय७ ने तो आकडा आणखी चढेल, पण तुमच्या भावाच्या डोळ्यांपर्यंत त्यातलं काहीही पोचणार नाही. जास्त फ्रेममुळे माउसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो हे खरं, स्पर्धा खेळणाऱ्यांना ते जाणवतंही. पण त्यासाठी पंधरा हजार जास्त मोजण्यापेक्षा पुढे कधीतरी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला कितीतरी बरा. तो दिवस आला तरी ५६०० कमी पडणार नाही.

मोठ्या, गोष्ट असलेल्या गेममध्ये बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं. कार्डावरचा भार रिझोल्यूशन आणि ग्राफिक्सच्या सेटिंगप्रमाणे बदलतो, प्रोसेसरचा भार त्यामानाने फारसा हलत नाही. यावरून एक साधी तपासणी करता येते. भावाच्या एखाद्या मित्राकडे पीसी असेल तर करून बघा. गेममध्ये फ्रेमचा आकडा दाखवायची सोय चालू करा आणि एका जागी उभं राहून तो बघा. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि त्याच जागी परत बघा. आकडा झपाट्याने वाढला, तर आधी कार्ड अडवत होतं. जिथल्या तिथे राहिला, तर प्रोसेसर अडवतोय.

ही तपासणी करताना टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या टक्क्यांवर विसंबू नका. मुलं मला स्क्रीनशॉट पाठवतात, ‘प्रोसेसर तर ४० टक्केच वापरला जातोय, मग तो कसा कमी पडेल?’ बारा थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी बारा कामं हाताळणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे आठच टक्के दिसतात. आणि गेमचा मुख्य हिशेब बऱ्याचदा एकाच थ्रेडवर चालतो. तो एक थ्रेड तुंबला की बाकीचे अकरा मोकळे असून काही उपयोग नाही. बघायचं ते कार्डाच्या टक्क्यांकडे. तो आकडा ९५ च्या वर टिकून असेल तर जोडी बरोबर जमली आहे, कार्डाचे पैसे पुरेपूर वसूल होतायत. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर तुम्ही स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर प्रोसेसर मागे पडतोय असं समजा.

मग चार कोअरचा, म्हणजे हिशेब करणारे चार भाग असलेला, स्वस्तातला आय३-१२१००एफ घेऊन आणखी पैसे का वाचवू नयेत? चाळीस हजारांचं बजेट असतं तर मीच तो सुचवला असता. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ त्यावर उत्तम चालतात. पण प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे २०२० मधले कन्सोल आठ कोअरचे आहेत आणि आजचे मोठे गेम त्यांना समोर ठेवून लिहिले जातात. चार कोअरवर ते चालतात, सरासरी आकडाही बरा दिसतो, पण नव्या भागात शिरलं, गर्दीत गाडी घातली की चित्र क्षणभर अडकतं. सरासरी ८० फ्रेम दिसत असूनही खेळताना झटके बसतात ते यामुळे. खेळणाऱ्याला सरासरी जाणवत नाही, झटके जाणवतात. सहा कोअर आणि बारा थ्रेडवर हा त्रास बराच कमी होतो. म्हणून साठ हजारांच्या आसपास मी सहा कोअरच्या खाली जात नाही, आणि निव्वळ गेमिंग असेल तर वरही जात नाही.

आता ५५०० आणि ५६००. नावं शेजारशेजारची, दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही एप्रिल २०२२ मध्ये आले. वेगही फारसा वेगळा नाही, जास्तीत जास्त ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्झ. म्हणून दुकानदार म्हणतो, ‘एकच आहे हो.’ पण ते एकच नाहीत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे आहे, ५५०० मध्ये निम्मी, १६ एमबी. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली, अगदी हाताशी ठेवलेली मेमरी. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा ओट्यावर असणं आणि दर फोडणीला कोठीत जावं लागणं, यात जो फरक तोच इथे आहे. गेमला सतत छोटी छोटी माहिती लागते. ती कॅशेत सापडली नाही की रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ जातो. कॅशेने किती फरक पडतो याचा ढळढळीत पुरावा एएमडीने स्वतःच दिलाय: ५८००एक्स३डी हा प्रोसेसर ५८००एक्सपेक्षा घड्याळी वेगात किंचित कमी आहे, कोअर तेवढेच, फक्त कॅशे ३२ ऐवजी ९६ एमबी. आणि गेममध्ये तो स्पष्टपणे पुढे जातो.

दुसरा फरक पीसीआयईचा, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याचा. ५६०० ला पीसीआयई ४ आहे, ५५०० ला ३. आरएक्स ६६०० हे या रस्त्याच्या आठ लेन, म्हणजे मार्गिका, वापरणारं कार्ड आहे, त्यामुळे त्याचं नुकसान बहुतेक गेममध्ये थोडकंच होतं. पण दुकानदाराने आयत्या वेळी ‘६६०० संपलं, ६५०० एक्सटी घ्या, नाव जवळचंच आहे’ असं म्हटलं तर साफ नाही म्हणा. ते कार्ड चारच लेन वापरतं, मेमरी ४ जीबी, आणि पीसीआयई ३ वर बसवलं की ती मेमरी भरताच त्याचा वेग पार कोलमडतो.

इथे बोर्डाचाही विचार करावा लागतो. ए५२० वर ५६०० बसवला तरी रस्ता पीसीआयई ३ चाच राहतो, कारण त्या बोर्डाला तेवढंच येतं. पीसीआयई ४ साठी बी५५० हवा. बजेटमध्ये बसला तर बी५५० घ्या, नाही बसला तर बोर्ड ए५२० च ठेवा आणि प्रोसेसर मात्र ५६०० करा. कॅशेचा फायदा सगळीकडे मिळतो, रस्त्याचा फायदा या कार्डापुरता तरी कमी आहे. स्वस्तात बी४५० मिळत असेल तर एकच गोष्ट विचारा: ‘बायोस अपडेट केलाय का?’ बायोस म्हणजे पीसी चालू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर. जुन्या साठ्यातल्या बी४५० वर नवा प्रोसेसर टाकला की पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. दुकानातच चालू करून दाखवायला सांगा.

इंटेलच घ्यायचा असेल तर आय७ कडे न जाता आय५-१२४००एफ बघा. सहा कोअर, बारा थ्रेड, गेममध्ये ५६०० च्या बरोबरीचा. काही गेममध्ये हा थोडा पुढे, काहींत तो. या दोघांत भांडत बसण्यात अर्थ नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो की प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची बेरीज दोन्हीकडून मागा आणि जी कमी येईल ती घ्या. नुसत्या प्रोसेसरचे भाव शेजारी ठेवले की फसायला होतं. एकीकडे प्रोसेसर हजाराने स्वस्त असतो आणि बोर्ड दीड हजाराने महाग.

गरम होण्याबद्दल. रायझन तापतो, ही दुकानदाराची समजूत हवेतून आलेली नाही. एएमडीचे २०११ नंतरचे एफएक्स प्रोसेसर खरंच तापायचे, त्यातला एफएक्स-९५९० तर २२० वॅटचा होता. त्या काळात ज्यांनी हात पोळून घेतले, ते अजून तेच सांगतात. पण २०१७ मध्ये रायझन आल्यापासून चित्र बदललंय. ५६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि पूर्ण भारावर तो साधारण ७६ वॅटपर्यंत जातो. १२४००एफ वरही ६५ लिहिलेलं असतं, पण इंटेलच्याच आकड्यांप्रमाणे तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आणि तुमच्या कोटेशनमधला १२७००एफ? तोही ६५ वाला म्हणूनच विकला जातो, पण त्याची वरची मर्यादा १८० वॅट आहे. गेममध्ये हे सगळेच याहून बरेच कमी घेतात, हेही सांगायला हवं. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात गरम होण्याच्या भीतीपोटी ५६०० टाळून १२७००एफ घ्यायचा, हा सल्ला उलटा आहे. त्यात एच६१० हा सगळ्यांत खालचा बोर्ड. त्यावरच्या वीज पुरवणाऱ्या भागांना बऱ्याचदा उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीट सिंकसुद्धा नसतो. जोराचं काम आलं की असे बोर्ड प्रोसेसरची वीज कापतात, आणि मग आय७ चे पैसे देऊन आय५ चा वेग मिळतो.

तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ते मात्र गंभीरपणे घ्या. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. पुण्यात माझ्या टेबलावर २८ अंशांत जो प्रोसेसर ७० दाखवतो, तो तुमच्या ४० अंशांच्या खोलीत ८२ च्या आसपास जाणार. ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे, म्हणजे बिघडणार नाही, पण पंखा सतत ओरडेल. बॉक्समधल्या छोट्या पंख्याऐवजी टॉवर प्रकारचा साधा कूलर बसवा आणि कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. समोर काच असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेटं दिसायला छान असतात, पण हवा आत घेत नाहीत. आणि तुमच्याकडे घरोघरी पाण्याचा कूलर असतो, त्याच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण तिच्यातला ओलावा आणि धूळ मिळून बोर्डावर आणि पंख्यांवर जो थर बसतो, तो नुसत्या ब्रशने निघत नाही. विदर्भातून दुरुस्तीला आलेल्या पीसींमध्ये हा थर मी ओळखू शकतो.

आता आय७ खरोखर कधी घ्यावा. भावाची शाखा तुम्ही लिहिलेली नाही. तो मेकॅनिकलला असेल आणि सिम्युलेशन, ३डी रेंडरिंग करणार असेल, किंवा व्हिडिओ एडिटिंगची कामं घेऊन चार पैसे कमवत असेल, तर १२७००एफ चे बारा कोअर रोज वेळ वाचवतील, आणि मी प्रोसेसर-कार्डाचं ते दुपटीचं गणित बाजूला ठेवेन. तेव्हाही बोर्ड एच६१० नको, बी६६० किंवा बी७६० हवा. पण तो कॉम्प्युटर किंवा आयटीला असेल, तर कोडिंगला सहा कोअर पुरतात. त्याला आधी रॅम कमी पडेल.

नावाच्या शेवटी येणारं ‘एफ’ हे अक्षर लहान आहे, पण अडचणीच्या वेळी फार आठवतं. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. रायझन ५५०० आणि ५६०० वर एफ लिहिलेलं नसलं तरी त्यांच्यातही ते नाही. कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं तर परत यायला कधी कधी आठवडे लागतात, आणि तोवर पीसीवर चित्रच येत नाही. सबमिशनच्या तोंडावर असं झालेली मुलं माझ्याकडे उसनं कार्ड मागायला येतात. घरात दुसरा लॅपटॉप असेल तर चिंता नाही. हाच एक पीसी असेल तर एफ नसलेल्या आय५-१२४०० चा विचार करा. थोडे पैसे जास्त जातील, पण कार्डाशिवायही अभ्यास चालू राहील.

यावरून कोणी सुचवेल की ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आहे, कार्ड नंतर बघू. आत्ता कार्डाला पैसेच नसते तर हा मार्ग ठीक होता, व्हॅलोरंट त्यावर चालतो. पण ५६००जी मध्येही कॅशे १६ एमबी आणि पीसीआयई ३ च आहे. नाव ५६०० असलं तरी तो गुणाने ५५०० च्या जवळचा. तुम्ही कार्ड आत्ताच घेताय, मग त्यातल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला द्यायचे?

पुढच्या अपग्रेडचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण भाऊ विचारेलच. एएम४ हे ५६०० चं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ पासूनचं, त्याचा शेवट आलाय. १२४००एफच्या एलजीए१७०० या सॉकेटवर इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत जाता येतं. एएमडीचं एएम५ हे २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवू असं कंपनीने सांगितलंय. त्यावर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० घेतला तर चार वर्षांनी बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर टाकता येईल. पण एएम५ ला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जे भडकले, त्यात डीडीआर५ घेणाऱ्यांचं कंबरडंच मोडलं. डीडीआर४ ही महागली. म्हणून कोटेशन घ्याल त्याच दिवशी दोन्हीकडची बेरीज करून बघा. एएम५ साठी कार्ड ६६०० वरून खाली आणावं लागत असेल, तर एएम५ नको. भविष्यातल्या अपग्रेडसाठी आजचं कार्ड कमी करणं मला पटत नाही. चार वर्षांनी काय परवडेल कोणास ठाऊक, खेळायचं आज आहे. बजेट सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत जात असेल तर मात्र मी आधी एएम५ च बघेन.

रॅम दोनच घ्या, ८-८ च्या. एकच १६ ची लावली की मेमरीचे दोनपैकी एकच चॅनल वापरलं जातं आणि प्रोसेसरपर्यंत माहिती निम्म्या रुंदीच्या वाटेने येते. आणि पीसी घरी आला की बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का ते भावाला बघायला सांगा. ३२०० ची रॅम घेऊन ती २४०० किंवा २६६६ वर चालवणारे किती तरी पीसी माझ्यासमोर येतात, कारण कोणी ती एक सेटिंग बदललेलीच नसते.

राहिला तो जुना आय७-३७७०. तो २०१२ चा आहे, चार कोअर. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत मिळणारा आधार थांबलाय. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही चालू होतानाची सुरक्षा तपासणी लागते, आणि त्यातलं टीपीएम २.० त्या जुन्या बोर्डांवर सहसा नसतं. एव्हीएक्स२ नावाच्या सूचना इंटेलने त्याच्या पुढच्या पिढीत, २०१३ मध्ये आणल्या. त्या लागणारे गेम ३७७० वर सुरूच होत नाहीत. आय७ हे नाव तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवरही होतं आणि बाराव्या पिढीच्यावरही आहे. म्हणून आकड्यांची सुरुवात वाचा: ३७७० मधला ३ तिसरी पिढी सांगतो, १२७०० मधले १२ बारावी. ओळखीचे असले तरी त्या पीसीला नाही म्हणा.

पॉवर सप्लायबद्दल कोटेशनमध्ये नुसतं ‘४५० वॅट’ लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. तिथे हजार-बाराशे जास्त घालून नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा घ्या. अकोल्यात व्होल्टेज वरखाली होत असेल तर यूपीएसही लागेल. हे दोन्ही बसवताना पैसे कमी पडले तर बोर्ड ए५२० ठेवा, एसएसडी ५०० जीबीचीच ठेवा, पण कार्डाला हात लावू नका.

दुकानात जाल तेव्हा प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला मागा. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळतो तो थोडा स्वस्त असतो, पण त्यात पंखा नसतो आणि बॉक्सवर कंपनीची जी तीन वर्षांची वॉरंटी असते, ती मिळत नाही, दुकानदार देईल तेवढीच. ज्या दुकानात दुसरं कोटेशन मिळालं, तिथेच आधी विचारा की ५५०० ऐवजी ५६०० आणि नामांकित पॉवर सप्लाय घालून बेरीज किती होते. माझ्या अंदाजाने साठच्या आतबाहेर बसायला हवी. आणि बिलावर नुसतं ‘रायझन ५’ लिहून घेऊ नका. ५५००, ५६००, ५६००जी हे तिन्ही ‘रायझन ५’ च आहेत. पूर्ण मॉडेल नंबर आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या.